पाठीला न लागलेला हात

मागून कुणी पाठीवर हात ठेवला की मी उठून उभी राहते. नुसती दचकत नाही, सरळ उभी राहते आणि दोन पावलं पुढे जाते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने बिचाऱ्याने प्रेमाने हात ठेवला आणि माझ्या मांडीवरची पोह्यांची ताटली भिंतीवर गेली. "अगं, मी आहे, मी!" तो ओरडला. तेव्हापासून तो मला हाक मारायची असली की वळसा घालून समोरून येतो. ऑफिसात माझी खुर्ची कायम भिंतीला चिकटलेली. एस्टीत मी मागच्या बाकावर बसते, हाडं खिळखिळी झाली तरी चालतील. लोक म्हणतात, खो-खोची खेळाडू होती, सवय गेली नाही. मीही हसून तेच सांगते. म्हणजे खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही.

खो-खो कुणाला नव्याने सांगायची गरज नाही, पण त्यात बसणाऱ्याचं काय होतं ते खेळल्याशिवाय कळत नाही. आठजणी पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, एका रांगेत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे. पळणारी तुमच्या समोर आली तरी तुम्हाला हलता येत नाही. मागून तुमच्या पाठीला हात लागला पाहिजे आणि खो ऐकू आला पाहिजे, दोन्ही. मग उठायचं. आवाज सगळ्या मैदानाला ऐकू येतो. हाताचं तसं नाही. हात लागला की नाही हे पंचाला नेहमी दिसतंच असं नाही, आणि देणारीलाही पळण्याच्या भरात नीट कळत नाही. ते एका पाठीला कळतं.

आमच्या कॉलेजच्या सरांचा यावर एक हट्ट होता. हात लागायच्या आधी उठलीस ना, मग परत खाली बस. पंचाने शिट्टी मारली नाही तरी बस. समोरची हाताच्या अंतरावर असली तरी बस. दुसऱ्या कॉलेजच्या मुली आम्हाला हसायच्या. आमची एखादी अर्धी उठून पुन्हा मटकन बसली की प्रेक्षकांत "अगं बाई, पाय मोडला का!" असं व्हायचं. एका अंतिम सामन्यात मीच अशी बसले होते आणि आम्ही त्या सामन्यात हरलो. मैदानाबाहेरच्या गाडीवर सरांनी सगळ्यांना भेळभत्ता खाऊ घातला आणि माझा पुडा दुप्पट बांधायला सांगितला. तेव्हा मला स्वतःचा काय अभिमान होता म्हणून सांगू! आठवड्याभर मी मान वर करून चालत होते.

ही एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. आम्ही पंचवटीत दोन खोल्यांत राहायचो. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाची ती बारकी अक्षरं एकेक उचलून ओळ बांधायची. आयुष्यभर तेच करून त्यांचे डोळे जायला लागले होते. म च्या जागी भ बसायला लागला तशी मालकाची बोलणी सुरू झाली. भाऊ आठवीत. त्याची हाफ पँट मी परकराखाली घालून घरातून निघायचे आणि मैदानावर परकर काढून पिशवीत कोंबायचे. आईला ठाऊक होतं, शेजारणींना ठाऊक असूनही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी माझी मैत्रीण उभी असायची. ती सायखेड्याची, शिकायला म्हणून मावशीकडे राहिलेली. सडपातळ, काळीसावळी, कमरेपर्यंत वेणी. आम्ही दोघी सकाळी पुलावरून पळत कॉलेजच्या मैदानावर जायचो. खरं सांगायचं तर ती पळायची आणि मी तिच्या मागे असायचे. पळती म्हणून तिच्यासारखी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. समोरची उठायच्या आत हिचा खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. आम्ही चिडून म्हणायचो, "एकदा तरी सापड ना गं बये!" ती हसायची, "तुम्ही बसून राहिल्या तर मी काय करू?"

शेवटच्या वर्षी सरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. एका सरकारी ऑफिसला मुलींचा खो-खो संघ उभा करायचा होता. जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या मुलींना ते नोकरीवर घेणार होते. संघात बाराजणी. सर म्हणाले, अकरा नावं ठरल्यातच जमा आहेत, बाराव्या जागेसाठी तुम्हा दोघींत पाहतील. आम्ही पुलापर्यंत चालत आलो. मग ती म्हणाली, "आमचे दादा म्हणत्यात, नोकरी लागली तर पुढचं पुढं बघू. नाय लागली तर वैशाखात लगीन." दादा म्हणजे तिचे वडील. मी माझ्या वडिलांच्या डोळ्यांचं सांगितलं. तिला ते माहीतच होतं. "ज्याचं नशीब," ती म्हणाली, आणि आम्ही पुन्हा पळायला लागलो.

चाचणी आमच्याच मैदानावर झाली. वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली मिसळून संघ केले होते. शेवटच्या डावात ती पळणारी आणि मी पाटीवर. तसा कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण सगळ्यांना कळत होतं. ती वेळ संपेपर्यंत टिकली तर बारावी ती. मी तिला बाद केलं तर मी.

ती टिकत होती. दोघीजणी बाद झाल्या, ही एकटी उरली, आणि आम्हा नऊजणींना नाचवत होती. घड्याळवाले सर हात वर करायच्या बेतात होते. तेवढ्यात ती पाटी ओलांडून माझ्या पुढ्यात आली. मला तिची वेणी दिसली, मानेवरचा घाम दिसला. मागून कुणीतरी धावत येत होतं, मातीत पावलं वाजत होती. "खो!" असा आवाज आला. आणि मी उठले.

हात लागला नव्हता. आवाज आला, हात आला नाही. वीतभर कमी पडला असेल, चार बोटं कमी पडला असेल, पण नाही लागला. मला ते उठता उठताच कळलं. माझी पाठ, दोन्ही खांद्यांच्या मधली ती जागा, कोरडी राहिली. बसायला वेळ होता. हो, होता. मी कितीही वेळा तो क्षण पुन्हा उलगडून पाहिला तरी त्यात बसण्याएवढा वेळ निघतोच. मी बसले नाही. मी झेपावले आणि तिच्या खांद्याला हात लावला. शिट्टी झाली.

नळावर आम्ही पाणी प्यायला गेलो. खो देणारी मुलगी दुसऱ्या कॉलेजची होती, उंच, मोठ्या हाडांची. तिने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "लागला ना गं माझा हात? मला नीट कळलं नाही."

माझी मैत्रीण तिथेच वेणी सोडून पुन्हा घालत होती.

"लागला की," मी म्हणाले. "चांगला धपकन लागला."

तो धपकन मी कुठून आणला, देव जाणे. नुसतं लागला म्हणून भागलं असतं. उंच मुलगी "बरं झालं बाई" म्हणून गेली. आणि माझी मैत्रीण वेणीचं टोक दातात धरून माझ्याजवळ आली, वेणी सोडली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नेमकी त्या जागेवर. "शाब्बास गं," ती म्हणाली. "लय जोरात आली."

तेव्हापासूनची ही खोड आहे.

नोकरी मला लागली. वडिलांनी छापखाना सोडला. भाऊ शिकला. माझ्या पगारावर घर उभं राहिलं हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते दुसऱ्या कुणाच्या घराचं वाटतं. वैशाखात मैत्रिणीचं लग्न झालं, दिंडोरीकडे दिली. मी गेले नाही. ऑफिसच्या स्पर्धा आहेत म्हणून कळवलं. स्पर्धा होत्याच, पण त्या पुढच्या आठवड्यात.

ऑफिसात खेळाडू म्हणून माझं कौतुक व्हायचं. साहेबांनी नुसती मान वर केली की मी उठलेली असायचे. फाईल आली की लगेच पुढे. "मैदानाची शिस्त आहे हो," साहेब पाहुण्यांना सांगायचे. मला वाटायचं, टेबलाखाली जाऊन बसावं. काही वर्षांनी संघ मोडला आणि मला शाळांच्या स्पर्धांचं टेबल दिलं. खेळाडूंचे अर्ज तपासायचे, जन्मतारखा पाहायच्या, प्रमाणपत्रांवर शिक्का मारायचा. तुम्ही स्वतः खेळलेल्या, तुम्हाला कळेल, साहेब म्हणाले. कळत होतं! मी इतकी कडक झाले की खेळाचे मास्तर माझ्या टेबलाशी यायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना विचारायचे, आज बाईंचा मूड कसा आहे? एखाद्या मुलाचं वय दोन महिन्यांनी कमी लावलेलं मला वास आल्यासारखं सापडायचं. अर्ज परत. रडली तरी परत, हात जोडले तरी परत. लोक म्हणायचे, बाई फार प्रामाणिक. मी घरी येऊन नवऱ्यावर भांडी आपटायचे.

आणि ती दिसायची. एकदा पंचवटीत भाजीबाजारात पुढे एक बाई चालली होती, कमरेपर्यंत वेणी, तसाच एक खांदा किंचित पुढे. मी मेथीची जुडी टाकली आणि तिच्या मागे निघाले. दोन गल्ल्या, मग तिसरी. रिक्षा आडवी आली तेव्हा तिला थांबावं लागलं आणि मी अगदी मागे जाऊन पोचले. हात पुढे केला. पाठीच्या आणि हाताच्या मध्ये चार बोटं राहिली असतील. तिथेच हात थांबला. ती कुणी दुसरीच होती, तिने वळून पाहिलं, "काय हो?" म्हणाली. "काही नाही, वाटलं ओळखीच्या," मी म्हणाले. 

असं पुष्कळदा झालं. नाही कशाला म्हणू? ती कुठेतरी चांगली नांदत असेल हे माहीत असूनही मेलेलं माणूस दिसावं तशी ती मला सगळीकडे दिसत होती.

मग सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास एका सकाळी ती स्वतःच माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. अंगाने भरली होती, हातावर द्राक्षांच्या फवारणीचे निळसर डाग, नऊवारी नाही पण डोक्यावर पदर. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी, आईचंच नाक.

"वळखलं का?" ती म्हणाली.

मी हातातली फाईल बंद केली, पुन्हा उघडली. तिला वाटलं मी ओळखलं नाही. "अगं, मी! पुलावरून पळायचो आपण!" आणि तिने भाऊसाहेबांकडे वळून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "हिनं मला बाद केलं व्हतं बरं का. नायतर मला कोणी बाद करत नव्हतं. वाऱ्यावानी उठली." भाऊसाहेब कौतुकाने हसले. तिने मुलीला पुढे ढकललं. "ही बघ. मी सांगते ना तुला, तीच ही."

मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली होती, खो-खोच्या. शाळेचे मास्तर आजारी, म्हणून आई स्वतः अर्ज घेऊन आली होती. मी अर्ज पाहिला. सगळं चोख होतं, फक्त एका दाखल्याची प्रत लागत होती. मी मुलीला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं. मैत्रीण खुर्ची ओढून बसली. मी तिला विचारलं, कशी आहेस, घरचे कसे आहेत. बाग आहे, ट्रॅक्टर घेतलाय, मालक स्वभावाने गरीब आहेत, सासू गेली. सगळं सांगितलं तिने. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, चला, हिचं काही वाईट झालं नाही.

"पोरीबरोबर पळतेस का मग सकाळी?" मी विचारलं. बोलायचं म्हणून बोलले.

"छ्या," ती म्हणाली. "मी पळत नाय. तू बाद केलं त्या दिवसापासून नाय पळाले. एस्टी सुटत असली तरी पळत नाय, लोक हसत्यात." ती स्वतःही हसली. "त्या दिवशी मी तुला बघून आत शिरले व्हते ना. माझा हिशोब व्हता. तू उठायच्या आत मी दोन जागा पुढं गेलेली असणार. आणि तू आलीच! मला कळलं, आपले पाय गेले. आपल्याला वाटतंय आपण पळतोय, पण तसं नाय ऱ्हायलं. मग म्हटलं, कशाला हट्ट करायचा. दादांना सांगितलं, करा लगीन."

 तिची नोकरी घेतली, तिचं लग्न लवकर झालं, एवढंच मी सोळा वर्षं माझ्या नावावर धरलं होतं. हे मला माहीतच नव्हतं.

"हात लागला नव्हता," मी म्हणाले.

"कोणाचा?"

"तिचा. उंच मुलीचा. माझ्या पाठीला."

खेळलेली बाई ती, दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ती माझ्या टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत होती.

"पण तू नळावर म्हणाली व्हती, लागला."

"हो."

"धपकन म्हणाली व्हती."

"हो गं."

ती रडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तिने साडीच्या निऱ्या पायांवर नीट केल्या आणि पाय खुर्चीखाली घेतले.

"नोकरीचं जाऊ दे," ती सावकाश म्हणाली. "माझं काय वाईट झालं नाय. पण मी माझ्या पायांना दोष दिला इतकी वर्सं. घरात बी सांगितलं. पोरीला बी सांगते, फार मिजास करू नको, तुझ्या आईचे पाय अशेच एका दिवसात गेले व्हते. ती भेते, ठाऊक हाय? मॅचच्या आधी पाय चेपत बसते. माझेबी जातील का आई, म्हणते."

मी मान खाली घातली. "चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं.

"मला नको सांगू आता. तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, आई उगाच झाकाझाकी करती. तू सांगितलं तर खरं वाटंल. तुझं लय ऐकलंय तिनं."

"सांगते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

मुलगी धापा टाकत आली, रस्ता पळत ओलांडला असणार. झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली आणि आईच्या खुर्चीमागे उभी राहिली.  शेजारी भाऊसाहेबांनी लिहिणं थांबवलं होतं. पलीकडच्या बाकावर दोन मास्तर अर्ज घेऊन बसले होते, त्यांतल्या एकाचा अर्ज मी आदल्याच दिवशी खोट्या तारखेसाठी तोंडावर फेकला होता. तेही ऐकत होते.

मी मुलीकडे पाहिलं. तिची आई माझ्याकडे पाहत होती.

"तुझी आई," मी म्हणाले, आणि झेरॉक्स जवळ ओढली. "तुझी आई फार छान पळायची हो."

मुलगी लाजून हसली. तिला वाटलं, बोलणं संपलं. तिची आई थांबून होती. मी दाखला अर्जाला टाचला. शिक्का शाईत दाबला, एकदा, पुन्हा एकदा. अर्जावर उठवला. सही केली. दोन्ही कागद सरळ केले, जे मुळात सरळच होते.

"झालं?" मैत्रिणीने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

 मग तिने अर्ज उचलला, ओल्या शिक्क्यावर फुंकर मारली, घडी घालून पिशवीत ठेवला आणि उठली. मुलगी पुढे आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. तिच्या आईने तिला दंडाला धरून वरच्या वर सरळ केलं.

"चल गं," ती म्हणाली. "मॅडमना लय कामं हायेत."